एम्ब्रॉयडरी मशीनच्या फाईलसाठी फुकट सॉफ्टवेअर वापरायलेय, पण मराठी नाव नीट येईना

पैठणची_सुई

नमस्कार मंडळी. मी पैठणला राहते, घरीच ब्लाऊज शिवते. मागच्या दिवाळीला बचत गटाचं कर्ज काढून एक सुईची घरगुती कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन घेतली. फ्रेम १० बाय १० सेंटिमीटरची आहे, पेनड्राइव्हवरून पीईएस फाईल, म्हणजे टाक्यांची फाईल, घेते. मशीन देताना दुकानदारानं लॅपटॉपमध्ये पंचिंगचं, म्हणजे चित्राचे टाके बनवायचं, एक सॉफ्टवेअर टाकून दिलं, ओरिजनल लई महाग पडतंय ताई, हेच वापरा म्हणला, अन् मला तेव्हा त्यातलं काय कळत होतं. विंडोज अपडेट झालं तसं ते उघडायचंच बंद झालं. भाच्यानं लॅपटॉप बघितला तर त्या चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत व्हायरस आलेला, गिऱ्हाइकांच्या मापांची सगळी शीट गेली. दोन वर्षांची मापं होती त्यात. आता मला चोरीचं काहीच नको.

भाच्यानंच इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर अन् त्यात चित्राचे टाके करणारं इंक/स्टिच टाकून दिलं, दोन्ही फुकट. त्यात मी एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं नाव टाइप केलं, शिवकन्या, फ्रॉकवर टाकायचं होतं. स्क्रीनवर अक्षरं एकदम बरोबर दिसली, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलतीकडंच पडायची अन् न्य फुटायचा, ते इथं झालं नाही. मग अक्षरांचा पाथ, म्हणजे आकार, केला, पीईएसमध्ये सेव्ह केलं अन् मशीनला लावलं. पण शिरोरेषा पार फळीसारखी कडक झाली, शि च्या वेलांटीपाशी धागा तुटायलाय, तिसऱ्यांदा तर सुईच मोडली. फ्रॉकचं कापड पण गोळा झालं. हा सॉफ्टवेअरचा दोष आहे का माझा? अन् धंद्यासाठी हे वापरलं तर चालतं का, उद्या कोणी नोटीस तर नाही ना धाडणार? माझ्याकडं जुन्या डीएसटी फाईली, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या टाक्यांच्या फाईली, पण बऱ्याच आहेत, त्या वाया गेल्या का तेही सांगा.

लातूरचा_टेलर

ताई, दोष सॉफ्टवेअरचा नाही अन् तुमचाही नाही, ही गोष्ट कोणी सांगतच नाही. मी पण घरगुती मशीनवरच सुरू केलं अन् अशाच सुया मोडल्या.

झालंय काय बघा. मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला त्याचा त्याचा शिरोरेषेचा तुकडा असतो अन् तो शेजारच्या अक्षरावर थोडा चढलेला असतो, म्हणजे वर रेघ अखंड दिसावी म्हणून. छापायला त्यानं काही बिघडत नाही, शाईवर शाई पडली तर कळत पण नाही. पण मशीनला ते वेगवेगळे तुकडे आहेत, ती प्रत्येक तुकडा इमानदारीत भरते. शि अन् व जिथं भेटतात तिथं दोनदा टाके, वेलांटीचा दांडा शिरोरेषेत घुसतो तिथं अजून एकदा. त्याच भोकात सुई परत परत जायली की धागा तुटणार नाहीतर सुई मोडणार.

आधी सोपा उपाय. टेक्स्ट सिलेक्ट करून ऑब्जेक्ट टू पाथ करा, मग अनग्रुप, मग सगळं सिलेक्ट करून पाथच्या मेनूत युनियन. आता सगळा शब्द मिळून एकच आकार झाला, दुहेरी टाके गेले. त्यानंतर पॅरामीटरच्या खिडकीत जाऊन फिलचा, म्हणजे आकार ओळींनी भरणाऱ्या टाक्यांचा, अँगल बघा. शून्य असेल तर ओळी आडव्या जातात, म्हणजे शिरोरेषेच्या लांबीनंच जातात, अन् रेघ बारीक असल्यामुळं कडा दातऱ्या येतात. ४५ करा, लगेच फरक दिसंल. ओळींमधलं अंतर तिथं ०.२५ मिलिमीटर असतं, फ्रॉकच्या पातळ कापडावर मी ते ०.३ च्या वर नेतो, नाहीतर कापड गोळा होणारच.

पण खरं सुंदर नाव पाहिजे असंल तर फिल सोडा अन् सॅटिन करा, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे टाके. मी आता फॉन्ट नुसता खाली नकाशासारखा ठेवतो, फिकट करून लॉक करतो अन् त्याच्यावर पेन टूलनं स्वतःच्या रेघा मारतो. व चा गोल एक रेघ, त्याचा दांडा एक रेघ, वेलांटी एक रेघ. रेघेची जाडी २ ते ३ मिलिमीटर ठेवून कन्व्हर्ट लाइन टू सॅटिन केलं की दोन कडा अन् मधल्या पायऱ्या तयार होतात, शिडीसारख्या. पायऱ्या ज्या दिशेला तिरप्या करताल त्याच दिशेनं टाके पडतात, वळणावर त्या हातानं नीट करायच्या.

अन् आता मेन गोष्ट, शिरोरेषा सगळ्यात शेवटी. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकच सॅटिन. आपण वहीत लिहिताना पण आधी अक्षरं काढतो अन् मग वरची रेघ ओढतो, हातानं भरतकाम करणाऱ्या बायका पण तसंच करतात. अक्षरांची डोकी शिरोरेषेच्या आत अर्धा मिलिमीटर जाऊ द्या, त्याहून जास्त नको. वरून रेघ गेली की सगळे जोड झाकले जातात. इंकस्केपमध्ये ऑब्जेक्टच्या यादीत जे तळाला आहे ते आधी शिवलं जातं अन् जे वर आहे ते शेवटी, म्हणून शिरोरेषा यादीत सगळ्यात वर पाहिजे. हे मला कळायला सहा महिने लागले हो.

अनुस्वाराचा टिंब कमीत कमी दीड मिलिमीटरचा करा, त्याहून लहान झाला की नुसती गाठ बसते. फॉन्ट मुक्ता नाहीतर बलू घ्या, दोन्ही ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे आहेत, फुकट आहेत अन् अक्षरांची जाडी सारखी असल्यामुळं रेघा मारायला सोपे जातात. बारीक-जाड होणारे बोरूचे फॉन्ट सुरुवातीला घेऊच नका.

जालना_बारा_सुया

लातूरच्या भावानं सांगितलं ते सोन्यासारखं आहे, मी फक्त कापडाचं बोलतो कारण निम्मा दोष तिथंच असतो. ताई, फ्रॉकच्या खाली काय लावलं होतं? नुसतं कापड फ्रेममध्ये ताणलं असंल तर जगातलं कोणतंबी सॉफ्टवेअर आणा, कापड गोळा होणार. प्रत्येक टाका कापडाला आत ओढतो, म्हणून गोल काढलेला टिंब लांबुळका येतो. त्यासाठी पुल कॉम्पेन्सेशन म्हणून सेटिंग असते, ती आकार थोडा रुंद करते, ०.२ ते ०.४ मिलिमीटर देऊन बघा. सॅटिनच्या खाली अंडरले, म्हणजे आधाराचे टाके, पण चालू करा, बारीक रेघेला मधून जाणारा सेंटर वॉक पुरतो, जाड रेघेला झिगझॅग. पातळ कॉटनला खाली आधाराचा एम्ब्रॉयडरी पेपर लावायचाच अन् ताणणाऱ्या होजिअरीला तर फाडून निघणारा पेपर चालत नाही, कापून काढायचा तोच लावा. सुई ७५/११ नंबरची, अन् जरीचा धागा घातला तर ९०/१४ ची लावून स्पीड कमी करा.

डीएसटीचं एक पक्कं ध्यानात ठेवा, त्या फाईलमध्ये रंगच नसतात. इथं थांब, धागा बदल, एवढंच त्यात असतं, कोणता धागा ते नसतं. मी सुरुवातीला एका शाळेचे बिल्ले घेतले होते, स्क्रीनवर दिसले तेच रंग असणार समजून तसेच सुयांना लावले अन् पिवळ्याच्या जागी हिरवा गेला. साठ नग घरात पडले, धाग्याचे अन् कापडाचे पैसे माझेच गेले. तेव्हापासून मी इंक/स्टिचमधून रंगांच्या क्रमाची पीडीएफ काढतो अन् मशीनला चिकटवतो, मग पोरगं बसलं तरी चुकत नाही.

नांदेडचा_पेंग्विन

मी स्वतः शिवत नाही, आईची मशीन आहे, कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो.

लायसनचं आधी सांगतो म्हणजे ताईंची भीती जाईल. इंकस्केप अन् इंक/स्टिच दोन्ही जीपीएल या मुक्त वापराच्या लायसनखाली आहेत. धंद्यासाठी वापरा, किती पण कॉम्प्युटरवर टाका, तुम्ही काढलेलं डिझाइन तुमचंच. कोणाची नोटीस येत नाही. फक्त अधिकृत साइटवरूनच उतरवा, भलत्या साइटवरून घेतलं तर परत व्हायरसचीच गोष्ट. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आमच्याकडं जुन्या ४ जीबी रॅमच्या डब्यावर उबंटूत चालायलंय.

जुन्या डीएसटी वाया नाही गेल्या. इंक/स्टिच त्या उघडतं अन् पीईएसमध्ये सेव्ह करून देतं, त्याच्या आत पायएम्ब्रॉयडरी नावाची पायथनची लायब्ररी आहे, तिला पीईएस, डीएसटी, जेईएफ, ईएक्सपी, व्हीपी३ असे बरेच फॉरमॅट कळतात. फाईली शेकड्यानं असतील तर थोड्या ओळींचा प्रोग्राम लिहून एका झटक्यात बदलता येतात, मी तसंच केलं. पण एक समजून घ्या, डीएसटीत आकार नसतात, नुसते टाके असतात. एका टाक्यापासून पुढचा टाका किती सरकायचा, तेही ०.१ मिलिमीटरच्या हिशोबात, एवढंच लिहिलेलं असतं. एका हालचालीत जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर, त्याहून लांब जायचं तर तुकडे करून. त्यामुळं अशी फाईल उघडून ओढून मोठी केली तर टाके वाढत नाहीत, नुसते विरळ होतात, अन् लहान केली तर दाटतात. थोडंफार चालतं, निम्मी-दुप्पट करायला जाऊ नका.

म्हणूनच तुमचं स्वतःचं काम नेहमी एसव्हीजीत, म्हणजे इंकस्केपच्या आकारांच्या फाईलीत, ठेवा अन् सेव्ह अ कॉपी करून पीईएस काढा. आईनं एकदा नुसती पीईएस ठेवली अन् एसव्हीजी उडवली, पुढच्या वर्षी तेच डिझाइन मोठं पाहिजे होतं, सगळं परत काढावं लागलं.

फाईलचं नाव इंग्रजीत अन् छोटं द्या. अन् डिझाइन १०० मिलिमीटरच्या वर अर्धा मिलिमीटर जरी गेलं तरी छोट्या फ्रेमची मशीन ती फाईल घेत नाही, माणूस तासभर पेनड्राइव्हच काढून घालत बसतो.

पैठणची_सुई

सगळ्यांचे लई आभार. काल रात्री पोरं झोपल्यावर बसले. आधी युनियन करून ४५ च्या अँगलनं काढलं, धागा एकदा पण तुटला नाही. मग सॅटिननं परत काढलं, शिरोरेषा शेवटी, खाली पेपर लावून. मशीन शि पासून या पर्यंत गेली, परत मागं आली अन् वरून एकच रेघ मारत गेली तेव्हा मी उभीच राहिले बघत. न चा अर्धा भाग य ला चिकटतो तिथं थोडी फट राहिलीय, पण हात लावला तर नाव मऊ लागतंय, फळी नाही. एक अडचण, मध्येच लाईट गेली होती. परत आली तेव्हा कुठून सुरू करावं कळेना, सगळं उसवलं.

अन् आता बाहीवर बांगडी मोर करायचाय. साडीचा फोटो घेऊन ट्रेस बिटमॅप केलं, म्हणजे फोटोवरून सॉफ्टवेअरलाच आकार काढायला लावले, तर शेकड्यानं तुकडे निघाले, सिम्युलेटरमध्ये, म्हणजे स्क्रीनवर टाके पडताना बघायच्या खिडकीत, धाग्याच्या नुसत्या उड्याच दिसायल्या.

लातूरचा_टेलर

ताई वा! न्य च्या फटीला न ची रेघ अर्धा मिलिमीटर पुढं ओढा, कापड ओढलं जाऊन फट पडलीय, बाकी काही नाही.

लाईटचं असं करा, मशीनच्या स्क्रीनवर टाक्यांचा आकडा दिसतो, धागा बदलताना दरवेळी तो कागदावर लिहून ठेवा. लाईट आली की फ्रेम न हलवता टाका पुढं नेण्याच्या बटनानं त्या आकड्याच्या दहा-बारा टाके मागं जाऊन सुरू करा. फ्रेममधून कापड मात्र काढायचं नाही, काढलं की संपलं. इंक/स्टिचच्या सिम्युलेटरमध्ये पण तोच आकडा टाकून बघता येतं, मशीन कुठं होती ते.

मोराला ट्रेस बिटमॅप नको. साडीच्या फोटोत विणीच्या पायऱ्या असतात, सॉफ्टवेअर प्रत्येक पायरीला वेगळा तुकडा समजतं. फोटो खाली ठेवा अन् हातानं काढा, बांगडीचा गोल, मोराचं अंग, मान, तुरा, पिसारा, जास्तीत जास्त १२-१५ आकार. बांगडी सॅटिननं, अंग फिलनं. मानेचा अँगल अन् अंगाचा अँगल वेगळा ठेवा, धागा एकच असला तरी उजेड दोन्हीकडं वेगळा पडतो अन् मान उठून दिसते, रंग न वाढवता. पिसाऱ्याचे डोळे शेवटी. रंगाच्या क्रमानं यादी लावा म्हणजे धागा कमी वेळा बदलावा लागंल, तुमची एकच सुई आहे.

एक विनंती, तुम्ही पैठणच्याच आहात म्हणून बोलतो. गिऱ्हाइकाला हे पैठणी काम म्हणून देऊ नका, पैठणीच्या नक्षीचं मशीनकाम म्हणून द्या. हातमागावरची पैठणी उलटी केली तरी मोर तसाच दिसतो, आपल्या कामाच्या उलट्या बाजूला बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, पांढरा धागा असतो.

पैठणची_सुई

हो दादा, माझी आत्याच मागावर बसायची, मी तसं कधीच सांगणार नाही. मोराची बांगडी काढून झालीय, ९६ मिलिमीटर. आज मान काढते. एसव्हीजी दोन ठिकाणी ठेवलीय.

जालना_बारा_सुया

बाही रेशमी असंल तर आधी त्याच कापडाच्या चिंधीवर एक मोर काढून बघा ताई, रेशमावर सुईचं भोक परत बुजत नाही. अन् झाला की उलट्या बाजूचा पण फोटो टाका, बॉबिनचं टेन्शन बरोबर आहे का ते तिथूनच कळतं.