.१७ विन्चेस्टर सुपर मॅग्नम हे काडतूस पुढे टिकेल का?

प्रश्न

नमस्कार. मी अमेरिकेत, कॅन्ससच्या पश्चिम भागात राहतो. शेजारच्या पशुपालकाच्या कुरणात प्रेअरी डॉग फार झाले आहेत (खारीच्या कुळातला, बिळे करून वसाहतीने राहणारा प्राणी), आणि त्यांच्याच सांगण्यावरून मी दर उन्हाळ्यात तिथे शिकारीला जातो. आजवर .१७ एचएमआर हे काडतूस वापरत आलो (.१७ म्हणजे गोळीचा इंचातला व्यास). आता एका परिचितांकडून .१७ विन्चेस्टर सुपर मॅग्नमची जुनी रायफल विकत मिळते आहे. एचएमआरची १७ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे माप) गोळी सेकंदाला २५५० फूट वेगाने सुटते, तर हिची २० ग्रेनची गोळी ३००० फुटांनी, आणि आमच्याकडच्या मोकळ्या माळावरच्या वाऱ्यात हा फरक फार मोलाचा आहे. मात्र गावातल्या दुकानात एचएमआरची खोकी बहुधा असतात आणि याची कधी असतात, कधी महिनोन्महिने येत नाहीत. आणखी दहा वर्षांनी हे काडतूस मिळेल असे जाणकारांना वाटते का?

प्रतिसाद १

आपली शंका योग्य आहे, आणि रिमफायर काडतुसाच्या बाबतीत ती अधिकच गंभीरपणे घ्यायला हवी. या काडतुसात ठिणगी पाडणारे मिश्रण पुंगळीच्या पोकळ काठात भरलेले असते आणि फायरिंग पिन तो काठच चेपते, त्यामुळे एकदा उडालेली पुंगळी घरी पुन्हा भरता येत नाही. .२२ हॉर्नेट किंवा .१७ हॉर्नेटसारखे सेंटरफायर काडतूस (ज्याच्या बुडाच्या मध्यभागी ठिणगीची वेगळी टोपी असते) दुकानांतून नाहीसे झाले तरी जपून ठेवलेल्या पुंगळ्यांवर मालक वर्षानुवर्षे भागवू शकतो. रिमफायरच्या मालकाला ती सोय नाही. कारखाना थांबला की रायफल भिंतीवर जाते.

हे घडून गेलेले आहे. रेमिंग्टनने १९७० च्या सुमारास ५ मिमी रिमफायर मॅग्नम आणले, त्याच्या सुमारे ५० हजार रायफली विकल्या आणि काही वर्षांतच त्या बनवणे थांबवले. पुढे काडतुसेही बंद झाली. २००८ मध्ये मेक्सिकोच्या आगिला कंपनीने ती पुन्हा बनवली, पण तोवर त्या रायफलींच्या मालकांनी पाव शतक वाट पाहिली होती. काडतूस म्हणून ते उत्तम होते, आणि म्हणूनच मला त्याची हळहळ अधिक वाटते.

आता आपल्या काडतुसाकडे वळू. २००२ मध्ये आलेले एचएमआर हे .२२ मॅग्नमच्या पुंगळीची मान आवळून तयार केलेले असल्याने, रायफल बनवणाऱ्यांना नळी बदलण्यापलीकडे फारसे काही करावे लागले नाही आणि पाहता पाहता ते सर्वत्र पसरले. सुपर मॅग्नमची पुंगळी मात्र खिळे ठोकण्याच्या औद्योगिक यंत्रातल्या .२७ च्या ब्लँक (गोळी नसलेल्या) काडतुसावरून घेतलेली आहे. ती जाड आहे आणि तिच्यातला कमाल दाब प्रति चौरस इंच ३३ हजार पौंडांपर्यंत जातो, जिथे एचएमआर २६ हजारांवर थांबते. म्हणजे तिच्यासाठी मुळापासून मजबूत रायफल घडवावी लागते, आणि ते धाडस मोजक्याच कारखान्यांनी केले. त्यातच ते बाजारात आले २०१३ मध्ये, जेव्हा अमेरिकेत साधी .२२ ची काडतुसेही मिळेनाशी झाली होती. नव्या काडतुसासाठी याहून प्रतिकूल काळ शोधूनही सापडला नसता.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटले, तरी एक भर घालतो. केवळ नळी बदलून भागते म्हणून काडतूस चालतेच असे नाही. .१७ मॅक २ हे २००४ मध्ये .२२ च्याच वंशातून आले, तरी एचएमआर आणि .२२ यांच्या मधल्या जागेत त्याला स्वतःचे असे काम उरले नाही. सुपर मॅग्नमला ते काम आहे: सेंटरफायरच्या जवळ जाणारा पल्ला, तोही पुंगळ्या भरत बसण्याची आवड नसलेल्यांसाठी. म्हणून ते लोकप्रिय होईल असे मला वाटत नाही, पण पूर्णपणे नाहीसे होईल असेही वाटत नाही.

प्रतिसाद ३

मी कोल्हापूरचा, शिकारीशी माझा संबंध नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषयच संपला. पण .२२ लाँग रायफल १८८७ पासून का टिकून आहे हे आमच्या रेंजवर कळते. ५० मीटरच्या स्पर्धा त्याच काडतुसावर होतात. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला मिळवलेले विश्वविजेतेपद आणि स्वप्निल कुसाळे यांचे २०२४ चे पॅरिस ऑलिंपिकमधले कांस्यपदक, दोन्ही त्यावरचीच. जगभरचे नेमबाज रोज सरावाला ते वापरतात, त्यामुळे कारखान्याची यंत्रे कधी रिकामी राहत नाहीत. .१७ च्या कुठल्याही काडतुसाला असा बारमाही ग्राहक नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका उन्हाळ्यात माझी साधारण दोनशे काडतुसे लागतात. विक्रेत्यांकडे सहाशेचा साठा आहे. तो रायफलीबरोबर मिळाला तरच व्यवहार करीन, आणि एचएमआर विकणार नाही.