यांचं दुकान बंद झालं, धीर कुठून आणू?

रामबागची_सून: दिवाळीनंतर यांचं कापडाचं दुकान बंद झालं. सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेत. दिवसा कामात निभतं, पण पहाटे तीनला जाग येते आणि छातीत धडधडतं. इंदूरमधल्या कुणी असं सोसलंय का? कसे सावरलात?

काकू_राजवाडा: बाळा, आपल्या अहिल्याबाई बघ. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती गेले, १७६६ मध्ये सासरे, पुढच्याच वर्षी मुलगा. त्याच वर्षी त्यांनी कारभार हाती घेतला, पुढे महेश्वरला विणकर आणून वसवले. दुःख ओसरायची वाट पाहत बसल्या नाहीत. आमचे हे गेले तेव्हा मी पोळीभाजीचे डबे सुरू केले. सकाळचे डबे निघाले की दिवस पार पडला, एवढंच मानायची. अजूनही देते.

माळव्यातला: वहिनी, धडधड अंगावर काढू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. मन मोकळं करायला १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास. आणि देण्याघेण्याचा हिशेब दादांना एकट्याला करू देऊ नका, दोघं मिळून कागदावर मांडा.

रामबागची_सून: आजच डॉक्टरांकडे जाते. काकू, डब्यांसाठी हाताखाली कुणी हवंय का? पोळ्या मऊ करते मी.

काकू_राजवाडा: उद्या दहाला ये. माझ्या सुनेला तुझ्या सासऱ्यांपाशी पाठवते.