भिंतीवरचे निसर्गचित्र आणि सजावट

निसर्गचित्र वास्तूचा भाग झाले की त्याचे चित्रपण संपते आणि निव्वळ सजावट उरते, असा एक आक्षेप घेतला जातो. तो मला सरसकट मान्य नाही. पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात १९२७ पासून असलेली फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची कमळांची आठ चित्रे पाहा. लंबवर्तुळाकार अशा दोन दालनांच्या वक्र भिंतींवर ती चिकटवलेली असून छतातून झिरपणाऱ्या नैसर्गिक प्रकाशासाठीच त्यांची योजना झाली होती. पुढे १९६० च्या दशकात वर एक मजला चढवल्याने हा प्रकाश अडला, आणि तो परत मिळवण्यासाठी केलेले नूतनीकरण २००६ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे येथे चित्रासाठी वास्तूलाच बदलावे लागले!

समकालीन उदाहरण म्हणजे ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चसाठी केलेली, २०१८ मध्ये खुली झालेली खिडकी. हॉथॉर्न या काटेरी फुलझाडाच्या बहराचे हे चित्र त्यांनी आयपॅडवर रेखाटले, परंतु कारागिरांनी ते रंगीत काचेत उतरवल्यामुळे त्याच्या रंगांना मागून येणारा उजेड मिळाला.

लहान चित्र यंत्राने मोठे करून छापलेल्या भिंतकागदांबाबत मात्र हा आक्षेप योग्य वाटतो. कुंचल्याचा फटकारा हाताच्या हालचालीच्या मापाचा असतो. तो दहापट फुगवला की त्यातला जोर जातो, आणि तीच फांदी ठरावीक अंतराने पुन्हा दिसू लागली की नजर पानांऐवजी सांधे शोधू लागते.