जन्मदर वाढवण्यासाठी सरकारने प्रोत्साहन द्यावे का?

मूळ मत
लोकसंख्या आहे तेवढी टिकायची असेल, तर दर स्त्रीमागे सरासरी २.१ अपत्ये लागतात. दक्षिण कोरियात २०२३ साली हे प्रमाण ०.७२ होते, ते असेच राहिले, तर पुढची पिढी आजच्या पिढीच्या जेमतेम एक तृतीयांश असेल. निवृत्तिवेतनाचा आणि वृद्धांच्या शुश्रूषेचा भार कमावत्या वयाच्या माणसांवरच पडतो. म्हणून अधिक मुले वाढवणाऱ्या कुटुंबांना भरघोस करसवलत मिळावी, असे माझे ठाम मत आहे. हंगेरीने अशा सवलती दिल्या आणि तेथील दर २०११ मधील १.२३ वरून दहा वर्षांत १.६ च्या आसपास गेला.

प्रतिसाद १
हे उदाहरण अर्धेच सांगितले आहे. हंगेरीचा दर २०२४ पर्यंत पुन्हा १.४ च्या जवळ उतरला, कारण पैशाने बहुधा पुढे व्हायचेच असलेले मूल थोडे आधी होते. मला अधिक भीती वाटते ती सवलती अपुऱ्या ठरल्यावर सरकार काय करील याची. रुमानियाने १९६६ साली गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. पुढच्याच वर्षी दर १.९ वरून ३.७ वर गेला, पण काही वर्षांतच तो घसरू लागला, आणि मागे राहिल्या त्या चोरून केलेल्या गर्भपातांत दगावलेल्या स्त्रिया आणि अनाथालयांत सोडलेली मुले.

मूळ लेखक
सक्तीला माझाही विरोधच आहे. परंतु ज्यांना दुसरे मूल हवे आहे आणि केवळ खर्चामुळे जे थांबतात, त्यांना मदत करण्यात गैर काय?

प्रतिसाद २
मी एका मुलीवर थांबले ती खर्चामुळे नव्हे. तिच्या आजारपणात दर वेळी रजा मीच घेत असे आणि बढतीच्या वेळी त्या रजा मोजल्या जात. स्वीडनने १९७४ साली बालसंगोपनाची रजा वडिलांनाही खुली केली. तेथील दरही आता १.५ च्या खाली आहे, हे मान्य करायला हवे. त्यामुळे अशा रजेने जन्मदर वाढेलच, असा दावा मी करणार नाही. तरीही ती मिळायला हवी, कारण जन्माला आलेल्या मुलांना आई आणि वडील दोघेही लागतात.