वापिटीचा वरचा पंख लोंबला, मोठं रेझिन किट आहे, नागपूरच्या उन्हाळ्यात काय करू?

मानेवाडा_तिसरा_मजला

नमस्कार मंडळी, एवढं मोठं रेझिनचं (साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचं) मॉडेल किट पहिल्यांदाच हातात घेतलं अन् सुरुवातीलाच अडकलो. विमान वेस्टलँड वापिटी, वर-खाली दोन पंखांचं, १/३२ स्केल, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याचं. खऱ्या विमानाचा पंख १४ मीटरच्या थोडा वर, म्हणजे मॉडेलचा ४४ सेंटीमीटर. वरचा पंख अख्खा एकाच तुकड्यात ओतलेला आहे, किचनच्या काट्यावर ७८ ग्रॅम भरला. किट सेकंडहँड, फेब्रुवारीत आलं तेव्हा पंख एकदम सरळ होता, मी काचेवर ठेवून पाह्यला होता. मग घरात लग्न निघालं अन् डबा माळ्यावर गेला. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब, बाहेर ४५ असलं की माळ्यात हात घालवत नाही. काल डबा काढला तर दोन्ही टोकं खाली, डावं ६ मिलिमीटर अन् उजवं ९. चाकांचे रेझिनचे पाय पण वाकलेत.

हेच विमान काऊन तर बाबा हवाई दलात होते, शेवटची पोस्टिंग इथेच वायुसेना नगरला. मी सहावीत असताना ते मला पालमच्या म्युझियमला घेऊन गेले, तिथे खरं वापिटी उभं आहे. त्याच्यासमोर उभं राहून बाबांनी सांगितलं की १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिघ रोडवर नंबर वन स्क्वाड्रन सुरू झाली तेव्हा आपल्याकडे अशी चार विमानं होती, बस, तेवढंच आपलं हवाई दल. ते तेव्हापासून मनात बसलं. आता बाबा ७४ चे आहेत, यंदा ८ ऑक्टोबरला, एअर फोर्स डेच्या दिवशी, त्यांच्या टेबलावर हे उभं राह्यलं पाह्यजे.

तर पंख सरळ कसा करू, अन् पुढच्या मे महिन्यात परत लोंबू नये म्हणून आत काय घालू? रिगिंगला, म्हणजे पंखांमधल्या तारांना, कोणता धागा? इलॅस्टिकवाला घेऊन ठेवला आहे पण दोन बेचं विमान आहे, म्हणजे दर बाजूला पंखांमधे उभ्या खांबांचे दोन खण, तारा लय आहेत, म्हणून आधी विचारून राहिलो.

जुनं_पितळ_इतवारी

पंख सरळ होते भाऊ, घाबरू नको. पोळीच्या परातीत पंख मावणार नाही, आंघोळीचा मोठा टब घे, कढत पाणी टाक, ६०-७० डिग्री असलं पाह्यजे, उकळतं नको. पंख पूर्ण बुडव, एक-दोन मिनिटांत मऊ पडतो, रबराचे हातमोजे घालून काढ अन् लगेच किचनच्या ओट्यावर ग्रॅनाइटवर ठेव. पण सपाट दाबू नको! पंखाला खालून थोडी पोकळी असते अन् टोकांना वर उठाव असतो, दाबलास तर ते दोन्ही जाईल. टोकांखाली पोस्टकार्डाच्या घड्या ठेव, ड्रॉइंगवर जेवढा उठाव आहे तेवढ्या, मग वरून गार पाणी ओत. एका फटक्यात नाही जमलं तर दोनदा तीनदा कर, काही बिघडत नाही.

पण ऐक, हे अर्धंच काम आहे. रेझिनला आठवण असते म्हणतात ना तसं, परत गरमी लागली की ते जिकडे वजन ओढते तिकडे जाते. आतून स्टीलचा कणा पाह्यजे. सायकलचा स्पोक २ मिलिमीटरचा असतो, पंखाच्या खालच्या बाजूने पुढच्या स्पारच्या (पंखातल्या लांब आडव्या कण्याच्या) जागी खाच पाड, स्पोक बसव, अॅराल्डाइट भर, वरून पुटी. चाकांचे पाय रेझिनचे ठेवूच नको, फेकून दे. १ मिलिमीटरची पितळी सळई घे, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकची पातळ पट्टी चिकटव अन् घासून लंबगोल कर. विमानाचं वजन पितळेवर पडलं पाह्यजे, रेझिनवर नाही. इतवारीत सळई तुकड्यातही मिळते, मी तिथूनच आणतो.

अन् एक महत्त्वाचं. रेझिन कोरडं घासायचं नाही. पाणी लावून, ओल्या कागदाने, मास्क घालून. ती धूळ फुप्फुसात जाते अन् बसते. कूलर चालू ठेवून घासत असशील तर घरभर होते, लहान पोरं असतील तर अजिबातच नको. मी सुरुवातीची दोन वर्षं कोरडं घासलं, मला खोकल्यासाठी डॉक्टरकडे जावं लागलं, म्हणून तुला कळकळीने सांगून राहिलो.

तार_आणि_ताण

इतवारीवाल्या काकांचं पाण्याचं सगळं बरोबर आहे, स्पोकचं मात्र वरच्या पंखासाठी जमणार नाही असं मला वाटते. स्पोक जेमतेम ३० सेंटीमीटरचा, पंख ४४ चा. म्हणजे मधे जोड आला, अन् जोड येणार नेमका मध्यभागी जिथे वाकवणारा जोर सगळ्यात जास्त. शिवाय या विमानाचा पंख पातळ आहे, मागच्या स्पारजवळ २ मिलिमीटरची खाच म्हणजे आरपारच. त्यापेक्षा १.२ मिलिमीटरची स्प्रिंग स्टीलची तार सलग घ्या, पुढच्या स्पारला, अन् मागच्याला १ ची. एरोमॉडेलिंगवाले चाकांसाठी हीच वापरतात, एनसीसी एअर विंगच्या पोरांना विचारलं तर कुठे मिळते ते सांगतील. खालचे पंख दोन वेगळे तुकडे असतील, तिथे स्पोक चालेल, पण तो बॉडीत आरपार जाऊ द्या, टेकवून चिकटवू नका.

आता रिगिंग. दादा, इलॅस्टिक धागा सगळीकडे लावू नका. खरं विमान उडत असते तेव्हा पंख त्याला वर ओढतात, तो जोर फ्लाइंग वायर घेतात, त्या खालच्या पंखाच्या आतल्या कडेपासून वरच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला जातात. जमिनीवर उभं असताना उलटं, पंखांचं वजन खाली ओढते, ते लँडिंग वायर धरतात, वरच्या पंखाच्या मधल्या भागापासून खाली बाहेरच्या स्ट्रटच्या (पंखांमधल्या उभ्या खांबाच्या) बुडाशी. तुमचं मॉडेल कधी उडणार नाही, त्याच्यावर चोवीस तास फक्त वजन आहे, म्हणजे तुमच्या टेबलावर लँडिंग वायरच खऱ्या कामाच्या. त्या स्टीलच्या घाला अन् नीट ताणून बसवा. इलॅस्टिक लावलं तर दिसेल सुंदर पण धरणार काहीच नाही, अन् पंखाची टोकं लोंबतील तसं तेही मुकाट्याने लांबत जाईल. फ्लाइंग वायर मात्र इलॅस्टिकच्या ठेवा, उगीच ताण नको.

दोन बे, दोन बाजू, पुढे-मागे मिळून लँडिंग वायर होतात ८. गिटारची सगळ्यात बारीक तार घ्या, ००९ म्हणून मिळते, ०.२३ मिलिमीटर जाडी. या स्केलला अगदी योग्य दिसते अन् जपून कापली तर एका तारेत आठही होतात. धरायला इंजेक्शनची २६ नंबरची नवी सुई, बाहेरून ०.४६, आतून ०.२६, तार तिच्यातून सरकते. सुईचे दोन-दोन मिलिमीटरचे तुकडे करायचे, पक्कडीने तोडलं तर भोक दबून बंद होते म्हणून बारीक फाइलने गोल फिरवत कापा. पंखात ०.५ चं भोक, त्यात सुईचा तुकडा, त्यात तार. दिसायलाही टर्नबकलसारखं (तार ताणायच्या पेचासारखं) दिसते.

ब्रिटिश विमानांवर या तारा गोल नसायच्या, चपट्या असायच्या, हवेला कमी अडथळा म्हणून. त्यांना आरएएफ वायर म्हणतात, अन् त्यातलं आरएएफ म्हणजे रॉयल एअर फोर्स नाही, फार्नबरोची रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरी. तुमच्या ०.२३ मध्ये तो चपटेपणा दिसणार नाही, तेव्हा गोल तारेने मन खट्टू करून घेऊ नका.

तारा नेमक्या कुठून कुठे हे किटच्या कागदावर कळत नसेल तर डीएच नाइन ए चे फोटो पण पाहा. वापिटी बनवताना त्या जुन्या विमानाचे भाग वापरायचे अशी ब्रिटिश सरकारची अट होती, त्यांचा साठा पडून होता, त्यामुळे पंखांची मांडणी बरीच तिथलीच आहे.

मानेवाडा_तिसरा_मजला

ताई, हे लँडिंग वायरचं मला आजपर्यंत कोणीच असं समजावलं नव्हतं. मी सगळ्या तारांना शोभेच्याच समजत होतो. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले बरोबर सांगते पोरगी, अन् मग तासभर रिगरचं काम कसं चालायचं तेच सांगत बसले, तार बोटाने छेडून आवाजावरून ताण ओळखायचे वगैरे.

एक शंका, तार ताणली अन् पंख उलटा वर वाकला तर? अन् रंग आधी की जोडणी आधी?

तार_आणि_ताण

वाकू शकतो, म्हणून तार पंख ओढायला वापरायची नाही, पंख आधी जिगमध्ये (जागेवर धरणाऱ्या चौकटीत) बरोबर उंचीला धरून ठेवायचा अन् मग तारेतला ढिलेपणा फक्त काढायचा. फोमबोर्डचे चार उभे तुकडे कापा, त्यात पंखाच्या आकाराची खाच, वरचा पंख त्यात उलटा झोपवा अन् विमान उलटं करून त्याच्यावर उतरवा. चारही बाहेरचे स्ट्रट, मधले स्ट्रट सगळं कोरडं बसवून पाहा, दोन्ही बाजूंच्या कर्णांची मापं घ्या, अर्धा मिलिमीटरचा फरक आला तरी थांबा. मग एपॉक्सी, मग २४ तास हात लावायचा नाही. तारा आतल्या बेपासून बाहेर, एक डावीकडे एक उजवीकडे अशा.

रंग अन् डिकल (चिकटवायची चिन्हं) आधीच. वरचा पंख बसल्यावर खालच्या पंखावर ब्रश जात नाही.

चंदेरी_डोप

रंगावरून आलो. एकच चंदेरी डबा घेऊन सगळं मारू नका कृपया, वापिटीचं सौंदर्यच त्यात जाते. कापडावरचा अॅल्युमिनियम डोप (पंखाच्या कापडाला मारायचा रंग) मंद, राखट चंदेरी असतो, चमकत नाही. इंजिनमागचे धातूचे पत्रे त्याच्यापेक्षा उजळ. दोन वेगळे शेड ठेवा, फरक थोडाच ठेवा पण ठेवा. ज्युपिटर इंजिनाचे नऊच्या नऊ सिलिंडर उघडे आहेत, वर झाकण नाही, तोच या विमानाचा चेहरा. तिथे वेळ द्या, एक आठवडा गेला तरी चालेल.

शेपटीच्या रडरवर (उभ्या सुकाणूवर) पट्टे आहेत का डिकलमध्ये? ते कोणत्या क्रमाने आहेत बघा. १९३० पर्यंत ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्समध्ये निळा पट्टा पुढे असायचा, १९३० ला उलटलं अन् लाल पुढे आला, अन् १९३४ ला पट्टे काढूनच टाकले. तुम्ही १९३३ करत असाल तर लाल पुढे, पांढरा, निळा मागे. किटमध्ये निळा पुढे दिला असेल तर तो जुन्या वर्षाचा, सरळ मास्किंग करून रंगवा.

अन् बाबांना हे पण सांगा, त्याच एप्रिलच्या ३ तारखेला, म्हणजे स्क्वाड्रन सुरू झाल्याच्या दोनच दिवसांनी, बिहारच्या पूर्णियाकडून दोन वेस्टलँड विमानं उडून एव्हरेस्टवरून गेली, माणूस पहिल्यांदा त्या शिखरावरून उडाला. त्यातलं एक वापिटीचंच सुधारलेलं रूप होतं. मला तर हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, इकडे चार विमानांचं हवाई दल अन् तिकडे त्यांचं भावंड एव्हरेस्टवर.

मे महिन्यात एअरब्रश दुपारी चालवू नका, रंग हवेतच वाळतो अन् पंखावर रवाळ बसतो. पहाटे पाच ते सात, त्यातही मंद वाळणारा थिनर. पावसाळ्यात उलटं, लॅकर मारलं की पांढुरकं धुकं चढते, सलग झड लागली असली की थांबायचं. रंगाच्या आधी किट भांड्याच्या साबणाने धुतलं ना? साच्याचं तेल राहिलं तर प्रायमर सालीसारखा निघतो.

जुनं_पितळ_इतवारी

ताई, जोडाचं तुमचं बरोबर, मी १/४८ च्या हिशोबाने बोलून गेलो, तिथे स्पोक पुरतो. भाऊ, सलग तारच घाल.

चिकटवण्याचं राहिलं. कोरड्या उन्हाळ्यात फेविक्विक उशिरा पकडते कारण त्याला हवेतली ओल लागते, अन् पाच मिनिटवालं अॅराल्डाइट गरमीने लवकर आवळते. म्हणून एपॉक्सी वाटाण्याएवढंच कालव. बारीक भोकं बुजवायला फेविक्विक अन् खायचा सोडा, पण लगेच घास, दुसऱ्या दिवशी दगड होते.

मानेवाडा_तिसरा_मजला

सात आठवड्यांनी लिहितो आहे. पंख तिसऱ्या बुडीत सरळ झाला. खाच पाडताना एका ठिकाणी वरच्या पृष्ठभागापर्यंत गेलो, सोडा अन् फेविक्विकने भरली, प्रायमरखाली दिसत नाही. १.२ ची तार एनसीसीतल्या एका मुलाने आणून दिली, पैसे घेतले नाहीत, पूर्ण झालं की दाखवा म्हणाला. डिकलमध्ये निळाच पट्टा पुढे होता, रडर हाताने रंगवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुद्दाम पंख तसाच माळ्यावर ठेवला, चार दिवस, दोन्ही टोकांखाली काही न देता. बाहेर ४४ होतं. काढून काचेवर ठेवला, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बाबांनी लावला, डावीकडे काही नाही, उजवीकडे ०.३.

परवा रात्री वरचा पंख बसवला, काल लँडिंग वायर घातल्या, आठही. कर्णांत ०.४ चा फरक आहे, उजव्या बाहेरच्या बेमध्ये. बाबांनी चष्मा लावून प्रत्येक तार नखाने छेडली अन् मागची डावी ढिली आहे म्हणाले. ती काढून परत बसवतो आहे. सुईतला फेविक्विक सोडवायला अॅसिटोन चालेल का, की पंखाचा रंग जाईल?

तार_आणि_ताण

अॅसिटोन नको दादा, रंग नक्की जाईल. तार सुईच्या तोंडाशी कापा, सुईचा तुकडा ०.५ च्या ड्रिलने हाताने फिरवत काढा अन् नवी सुई, नवी तार. गिटारच्या तारेचा तुकडा उरला असेलच.