एक घर, चार पार्ट्या : खानदेशातले तुमचे अनुभव सांगा

गेल्या रविवारी जळगावला पिंप्राळ्यात एक रो-हाऊस बघायला गेलो. दलालाने अकराची वेळ दिली होती. पोचलो तर दारात चपलांचे चार-पाच जोड आधीच. आत एक गृहस्थ ओट्याची उंची टेपने मोजत होते, दुसरे गच्चीवर टाकी ठोकून बघत होते, आणि एक काकू मालकिणीशेजारी बसून माहेरची नाती जुळवत होत्या. घर कुणाकडं जाणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मालकाचा आकडा ४२ लाख. संध्याकाळी दलालाचा फोन, "साहेब, ४४ वर गेलंय, बोला." मी म्हटलं, मेहुण्याला विचारून सांगतो. सोमवारी सकाळी इसार झालासुद्धा. काकूंचा. आणि तो ४३ ला!

माझ्या वडिलांनी गणेश कॉलनीत घर घेतलं तेव्हा विकणारा महिनाभर आमच्याकडं चहाला येत होता, "घेताय ना?" विचारायला. आता तिसरं घर माझ्या हातून गेलंय. एकाच घरामागं चार जण लागले तेव्हा तुम्ही काय केलंत? मिळालं असो, गेलं असो, लिहा. विकणाऱ्यांनीही लिहा.

पांझराकाठची

धुळे, देवपूर. आजीबाई एकट्या, मुलगा सुरतेला. तिघं मागं लागले होते. आमचा आकडा सगळ्यांत कमी, वरच्या पार्टीपेक्षा दीड लाखानं. सासूबाई म्हणाल्या, मी एकदा जाऊन येते. गेल्या, आणि पैशांचं अक्षर न काढता दोन तास पापडाच्या पिठावर बोलून आल्या. मला तर रागच आला होता.

चौथ्या दिवशी आजींनीच बोलावलं. वरची पार्टी घर पाडून तिथं तीन मजले चढवणार होती, हे त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, "पैसा ते बठाज देतस. मन्ही तुळसले पानी कोन घाली?" (पैसे तर सगळेच देतात, माझ्या तुळशीला पाणी कोण घालणार?) आम्ही घालतो. आजी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येऊन बघून जातात.

अप-डाउन

भुसावळ, २०१९, पितृपक्ष. जामनेर रोडच्या आतलं जुनं बैठं घर. पाच जण फिरत होते, पण सगळे घटस्थापनेची वाट बघत होते. मी तिसऱ्या दिवशी इसार दिला. वडील आठवडाभर बोलले नाहीत. पितर काय म्हणतील! मी म्हटलं, आपले पितर भाड्याच्या खोलीतच गेले, त्यांना बरंच वाटेल.

पण इसारपावतीवर थांबलो नाही, हे महत्त्वाचं. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र आधीच खिशात होतं. वकिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. हरकत कुणाचीच आली नाही, पण नोटीस वाचून दोन नवी गिऱ्हाइकं मात्र मालकाच्या दारात उभी राहिली. मग घाई केली आणि आठ दिवसांत साठेखत, म्हणजे पुढं खरेदीखत करायचा करार, नोंदवलं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्या पंधरवड्यात गर्दीच नव्हती. मुद्रांक शुल्क साठेखतावरच पूर्ण भरलं, ते पुढं खरेदीखताला वजा होतं, त्यामुळं दोनदा भुर्दंड नाही.

दसऱ्याला मालक पेढे घेऊन आला. पेढ्यांखाली निरोप, ३ लाख जास्त देणारा भेटलाय, इसार दुप्पट परत घ्या. मी नोंदणीचा कागद दाखवला. साध्या स्टॅम्पवरची पावती असती तर मीही कोर्टात जाण्यापेक्षा पैसे घेऊन गप्प बसलो असतो. पेढे चांगले होते.

मुक्काम नंदुरबार

आमच्याकडं उलटं आहे. भाव सांगितला की घेणारा दोन वर्षं विचार करतो. चार पार्ट्या? एक पाठवा इकडं.

बोलीचा शहाणा

मी बँकेच्या लिलावात घेतलं. कर्ज थकलेल्याचा फ्लॅट, सरफेसी (थकीत कर्जाचं तारण विकण्याच्या) कायद्याखालचा. राखीव किंमत १८ लाख, तिच्या १० टक्के अनामत आधी भरलेली. आम्ही तीन बोलीदार, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही, स्क्रीनवर फक्त आकडा. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली वाढवली की वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढायची. असं पाऊण तास चाललं. बायको मागून शर्ट ओढत होती. घरी ठरवलेली हद्द २० लाखांची. २१ लाख ४० हजारांना माझ्या नावावर सुटलं. वरचे १ लाख ४० हजार नुसत्या ईर्षेचे, दुसरं काही नाही.

खरी धावपळ नंतर. अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी. बाकीचे ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. चुकलं तर भरलेलं जप्त. दुसऱ्या बँकेची गृहकर्जाची फाईल इतक्या दिवसांत टेबलावरून हलेना. जळगावच्या सोन्याचं कौतुक सगळीकडं. आमच्या घरातलं होतं नव्हतं ते तेव्हा गहाण पडलं.

आणि नोटीस वाचताना एक शब्द मी घाईत गिळला, 'सांकेतिक ताबा'. म्हणजे कागदावर ताबा बँकेचा, आत राहतंय जुनंच कुटुंब. किल्ली हातात यायला सात महिने गेले. सोसायटीची थकबाकी आणि घरपट्टीही माझ्याच माथी, कारण विक्री 'जसं आहे, जिथं आहे' अशी. त्या बाईंनी जाताना फरशी पुसून दिली होती. ते अजून मनातून जात नाही.

चौथी बहीण

मी विकणाऱ्यांतली. अमळनेरचं वडिलांचं घर, आम्ही चौघी बहिणी आणि एक भाऊ. सहा जण विचारून गेले. सर्वांत जास्त देणाऱ्याची अट, निम्मे रोख, कागदावर कमी दाखवू. भाऊ जवळजवळ तयार. मी बँकेत नोकरीला, म्हणून सांगितलं की स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय ती रोख पाच ठिकाणी वाटायची कशी, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

दिलं कुणाला? खालून दुसऱ्या पार्टीला, एका शिक्षक जोडप्याला. पैसे सगळे बँकेतून. घर एकट्या बाईंच्या नावावर, म्हणजे मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट. आणि इतरांपैकी एकानंही विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, "पाचही जणांच्या सह्या होतील ना? एकत्र येणं जमत नसेल तर आम्ही तारीख पुढं नेतो." आमची थोरली बहीण पायानं अधू आहे. तिला जिना चढावा लागू नये म्हणून नोंदणीच्या दिवशी त्यांनी खुर्चीची आणि दोन माणसांची सोय आधीच केली होती.

साडू नंबर दोन

मूळ प्रश्नकर्त्याला विचारायचंय, तुमच्या दलालाकडं 'पुण्याचे इंजिनीअर' आहेत का? माझ्या वेळी होते. रोज रात्री ते थोडे वर चढायचे. त्यांच्या धाकानं मी २ लाख वाढवून घर घेतलं. त्याच सुमारास चाळीसगावला माझ्या साडूनं प्लॉट बघितला, दलाल तोच, आणि समोर पुन्हा पुण्याचे इंजिनीअर! आम्ही दोघांनी फोनवर बसून तारखा जुळवल्या. एकाच आठवड्यात त्या माणसानं जळगावात रो-हाऊस आणि चाळीसगावात प्लॉट मागितला होता, दोन्ही ठिकाणी ऐन वेळी माघार. साडूनं मग एक पैसा वाढवला नाही, प्लॉट त्यालाच मिळाला.

पिंप्राळ्यातून परतलेला

सगळ्यांचं वाचलं. मंजुरीपत्रासाठी आज बँकेत अर्ज दिला. परवा महाबळला एक घर बघायचंय, आईला बरोबर नेतोय. दलालाचा आत्ताच फोन येऊन गेला, "साहेब, लवकर या, अजून दोन पार्ट्या आहेत. एक तर पुण्याची आहे."