मदत हवी आहे: निरोप समारंभात ३ मिनिटं बोलायचंय
लेकीची शाळा संपतेय, निरोप समारंभात तिला बोलायचंय, विषय 'वर्गाबाहेर काय शिकलो'. पहिला ड्राफ्ट मोठ्याने वाचला तर ६ मिनिटं गेली, काटछाट करून साडेतीनशे शब्दांवर आणला, वेळेत बसतोय पण आता नुसता उपदेश वाटतो, मेहनत करा, वेळ पाळा वगैरे (कोण ऐकतं हे!). खरा किस्सा तिच्याकडे एकच, नाटकाच्या तालमीत मैत्रिणीशी भांडण, महिनाभर अबोला, शेवटी हिनेच जाऊन सॉरी म्हटलं. पण ती मैत्रीण समोरच बसलेली असणार, नाव नाही घेतलं तरी सगळ्यांना कळेलच. हातात कागद चालतो, पाठांतराची अडचण नाही. तर मैत्रिणीला आधी विचारून हाच किस्सा घ्यावा की सरळ वगळावा? आणि घेतला तर 'आदरणीय गुरुजन' वगैरे सोडून थेट भांडणापासूनच सुरुवात केली तर चालेल का?